नळाला पाणी आहे, पण जोर नाही : बेळगाव परिसरातील घरांसाठी दाबाची तपासणी आणि दुरुस्ती

बेळगावात नळाला पाणी कमी येते अशी तक्रार निघाली की दोष बहुधा रस्त्याखालच्या जलवाहिनीला दिला जातो आणि उपाय म्हणून एखादी मोटर विकत घेतली जाते. या दोन्ही गोष्टी घाईच्या आहेत. ज्या घराच्या गच्चीवर टाकी आहे, त्या घरातील न्हाणीच्या आणि स्वयंपाकघराच्या नळांचा रस्त्यावरील दाबाशी काही संबंध उरलेला नसतो. तिथे पाणी येते ते केवळ टाकीच्या उंचीमुळे. म्हणजे एकाच घरात दोन वेगळे दाब असतात. एक मीटरपाशी मिळणारा, जो पाणीपुरवठा करणाऱ्या यंत्रणेच्या हातात आहे, आणि दुसरा टाकीखालच्या नळांना मिळणारा, जो पूर्णपणे घरमालकाच्या हातात आहे. यांपैकी कोणता कमी आहे हे मोजून ठरवल्याशिवाय कोणतीही खरेदी करू नये.

शहराचे पाणी येते कसे

शहराला मुख्यतः दोन जलाशयांचे पाणी मिळते. मार्कंडेय नदीवरील राकसकोप जलाशय महाराष्ट्राच्या चंदगड तालुक्याला लागून आहे; तेथील पाणी हिंडलगा येथील पंपिंग केंद्रातून लक्ष्मीटेकच्या शुद्धीकरण केंद्राकडे चढवले जाते. दुसरे पाणी घटप्रभेवरील हिडकल धरणाचे. ही नदी आणि तिला मिळणाऱ्या ताम्रपर्णी व हिरण्यकेशी या नद्या महाराष्ट्रातील सह्याद्रीत उगम पावून सीमा ओलांडतात, आणि ते पाणी दूरवरून टप्प्याटप्प्याने पंपांनी चढवत शहरापर्यंत आणावे लागते. दोन्ही पुरवठे पंपांवर अवलंबून असल्यामुळे पंपिंग केंद्राची वीज गेली, तर त्याचा परिणाम आपल्या गल्लीत त्याच दिवशी नव्हे, तर पुढच्या पाळीच्या वेळी दिसू शकतो. पाणी अचानक कमी झाले, तर घरातील पाइप उकरण्यापूर्वी एक-दोन पाळ्या थांबून पाहणे आणि शेजारी चौकशी करणे म्हणूनच शहाणपणाचे ठरते.

जागतिक बँकेच्या साहाय्याने २००८ च्या सुमारास बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्गा येथील निवडक भागांत चोवीस तास पाणीपुरवठ्याचा प्रयोग सुरू झाला आणि नंतर ती योजना उर्वरित शहरांत नेण्याचे काम हाती घेण्यात आले. त्यामुळे एकाच शहरात दोन प्रकारची घरे आहेत. काहींच्या वाहिनीत सतत दाब असतो, तर काहींच्या वाहिनीत काही दिवसांआड काही तासच पाणी असते आणि बाकीच्या वेळी ती रिकामी पडलेली असते. या दोन घरांचे रोग वेगळे आणि औषधेही वेगळी. त्यातही शहराची जमीन सपाट नाही. बळ्ळारी नाल्याकडे उतरत जाणाऱ्या शहापूर-वडगावच्या बाजूची सखल घरे आणि उंचावरच्या वसाहतींतील घरे एकाच वाहिनीवर असली, तरी त्यांच्या पदरात सारखा दाब पडणार नाही. दहा मीटर उंचीचा फरक म्हणजे सुमारे एक किलो दाबाचा फरक, हा हिशेब कायम ध्यानात ठेवावा. येथे ‘किलो’ म्हणजे प्लंबर आणि दुकानदार ज्या अर्थाने बोलतात तो, दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅम.

मोजमाप : बादली, पारदर्शक नळी आणि गेज

पहिले साधन बादली आहे. पंधरा लिटरची बादली नळाखाली ठेवून ती भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून पाहावे. मिनिटाला पंधरा लिटर म्हणजे न्हाणीच्या नळाला चांगले पाणी. दहा लिटर म्हणजे चालण्याजोगे. पाच लिटरच्या खाली आले, तर कुठेतरी अडथळा आहे किंवा उंची कमी पडते आहे. हे मोजमाप घरातील प्रत्येक नळावर, शक्यतो टाकी पूर्ण भरलेली असताना करावे आणि कागदावर लिहून ठेवावे, कारण पुढे दुरुस्तीचा खरोखर उपयोग झाला की नाही हे त्या कागदावरूनच कळणार आहे.

परंतु बादली फक्त प्रवाह सांगते, दाब सांगत नाही. पाणी कमी येण्याची दोन कारणे असू शकतात: मुळात दाबच कमी आहे, किंवा दाब पुरेसा असूनही वाटेत काहीतरी अडले आहे. हा भेद ओळखण्यासाठी गवंडी लेव्हल पाहायला वापरतात ती पारदर्शक प्लास्टिकची नळी घ्यावी. तिचे एक टोक नळाच्या तोंडाला क्लिपने घट्ट बसवावे, दुसरे उघडे टोक भिंतीला धरून वर न्यावे आणि नळ हळूहळू उघडावा. नळीत पाणी जिथे स्थिर होईल, ती नळापासूनची उंची म्हणजेच त्या नळाचा दाब. पाणी गच्चीवरील टाकीचे असेल, तर ते टाकीतील पाण्याच्या पातळीला येऊन थांबेल, मग मधल्या पाइपची अवस्था कितीही वाईट असो. कारण पाणी वाहत नसते तेव्हा अडथळ्याचा परिणाम दिसत नाही.

आता खरी परीक्षा. नळी बेसिनच्या नळाला तशीच ठेवून त्याच लाइनवरचा न्हाणीचा नळ पूर्ण उघडावा. नळीतील पाणी थोडेसे उतरून थांबले, तर मुख्य उभा पाइप मोकळा आहे आणि दोष असला तर तो पुढच्या फाट्यात किंवा त्या नळातच आहे. मात्र नळीतील पाणी झरझर खाली आले, तर टाकीपासून या दोन नळांच्या फाट्यापर्यंतच्या भागात अडथळा आहे हे निश्चित समजावे. केवळ काही फूट नळीच्या बळावर फोडायची भिंत कोणती आणि कोणती मुळीच फोडायची नाही, हे अशा रीतीने ठरवता येते.

रस्त्याकडून येणाऱ्या पाण्याचा दाब मोजण्यासाठी मात्र नळी पुरी पडत नाही. तिथे प्रेशर गेज लागतो. गेज घेताना चार किलोपर्यंतच्या मोजपट्टीचा घ्यावा, कारण घरगुती दाब कमी असतो आणि मोठ्या मोजपट्टीवर त्याचा फरक नीट दिसत नाही. मीटरनंतरच्या पहिल्या नळावर तो बसवून पाणी आल्यानंतर पंधरा मिनिटांनी, पाळीच्या मध्यावर आणि शेवटी असे वाचन घ्यावे. चोवीस तास पाणी असलेल्यांनी पहाटे आणि सकाळी सात-आठच्या गर्दीच्या वेळी घ्यावे. तुलनेसाठी मापही उपलब्ध आहे. केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेच्या १९९९ च्या आवृत्तीत एकमजली इमारतींसाठी किमान ७ मीटर, दुमजलीसाठी १२ मीटर आणि तीनमजलीसाठी १७ मीटर दाब जोडणीच्या जागी मिळावा असे म्हटले आहे, म्हणजे अनुक्रमे सुमारे ०.७, १.२ आणि १.७ किलो.

दोष कुठे आहे ते शोधणे

फक्त एकाच नळाला पाणी कमी असेल, तर दोष नव्वद टक्के त्या नळातच असतो. नळाच्या तोंडाशी बारीक जाळी असते. ती हाताने किंवा फडके गुंडाळून पकडीने सोडवावी. तिच्यात वाळू, गंजाचे कण, टेफ्लॉन टेपचे तुकडे किंवा पाइप चिकटवताना आत सांडलेल्या सोल्युशनचे वाळलेले पापुद्रे सापडतात. बोअरचे जड पाणी वापरणाऱ्या घरांत जाळीवर आणि शॉवरच्या छिद्रांवर पांढरा क्षार जमतो. त्यासाठी जाळी व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूफूल विरघळवलेल्या कोमट पाण्यात रात्रभर बुडवून जुन्या टूथब्रशने घासावी. फरशीसाठीचे ॲसिड यासाठी कधीही वापरू नये, कारण त्याने नळाचा मुलामा उडतो आणि आतील पितळ खाल्ले जाते. पावसाळ्यात पाणी गढूळ येते तेव्हा या जाळ्या वरचेवर काढून धुवाव्या लागतात. बेसिनखालचा अँगल कॉक अर्धवट बंद राहिला आहे का, हेही पाहावे. अनेकदा प्लंबर दुरुस्तीनंतर तो पूर्ण उघडायला विसरतो.

गार पाण्याला जोर आहे आणि फक्त गरम पाण्याला नाही, असे असेल तर गिझर आणि त्याच्या आतबाहेरच्या जोडण्या तपासाव्यात. विजेच्या गिझरच्या थंड पाण्याच्या तोंडाशी असलेल्या सुरक्षा व्हॉल्व्हमध्ये क्षार साचतो. तो स्वच्छ करावा किंवा बदलावा, पण काढून टाकून सरळ नळी जोडू नये, कारण टाकीतील दाब वाढला तर तो सोडून देणारे साधन तेवढेच असते. गॅस गिझर पाण्याच्या दाबावरच पेटतो. त्यामुळे वरच्या मजल्यावर गच्चीच्या टाकीखाली तो पेटत नसेल, तर बिघाड बहुधा गिझरचा नसून टाकीच्या उंचीचा असतो. तो पेटण्यासाठी खटपट करण्याआधी न्हाणीला हवा येण्याजाण्याची सोय आहे का ते पाहावे. बंद न्हाणीत गॅस गिझरमुळे कार्बन मोनॉक्साइड साचून माणसे दगावली आहेत.

घरभर सगळीकडे पाणी कमी असेल, तर टाकीच्या बाहेर पडणाऱ्या पाइपवरील मुख्य कॉककडे वळावे. जुन्या घरांत तिथे पितळी गेट व्हॉल्व्ह असतो. वर्षानुवर्षे न फिरवल्यामुळे त्याचा आतला पडदा दांडीपासून सुटतो. बाहेरची चक्री व्यवस्थित फिरते, आपल्याला वाटते की व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, आणि आत पडदा मात्र खालीच पडलेला असतो. हा दोष बाहेरून अजिबात दिसत नाही, म्हणून वर सांगितलेली नळीची परीक्षा तिथे फार कामाला येते. असा व्हॉल्व्ह दुरुस्त करत बसू नये, त्याजागी पूर्ण छिद्राचा बॉल व्हॉल्व्ह बसवावा. त्याच्या दांडीची दिशाच तो उघडा आहे की बंद हे सांगते.

टाकी पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरल्यानंतर पाणी येईनासे झाले किंवा फसफसत येऊ लागले, तर पाइपमध्ये हवा अडकली आहे. गच्चीवरून पाइप आधी वर उचलून मग खाली वळवला असेल, तर त्या उंचवट्यात हवा साठते. टाकी काठोकाठ भरून घरातील सर्वांत खालचा नळ पूर्ण उघडा ठेवावा आणि काही मिनिटे वाट पाहावी. बहुतेक वेळा हवा निघून जाते. पुन्हा पुन्हा हेच होत असेल, तर टाकीच्या कॉकनंतर लगेच एक उभी हवानळी काढून ती टाकीच्या झाकणाहून उंच न्यावी आणि तिचे तोंड जाळी लावून खाली वळवावे. हे काम स्वस्त आहे आणि तरीही असंख्य नव्या घरांत ते केलेले नसते.

जुने लोखंडी पाइप

शहापूर, खडेबाजार किंवा टिळकवाडीच्या जुन्या भागातील घरांमध्ये अजूनही अर्ध्या इंचाचे जीआय पाइप आहेत. जस्ताचा थर गेल्यावर आतून गंजाच्या गाठी वाढत जातात आणि पाण्याची वाट अरुंद होते. ही वाट किती महत्त्वाची आहे ते आकड्यांत पाहिल्याशिवाय पटत नाही. पंधरा मिलिमीटरची वाट गंजून दहा मिलिमीटर झाली, तर त्याच दाबाखाली पाणी दोन-तृतीयांश नव्हे, तर जेमतेम एक-तृतीयांश येते. उलट अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंची पाइप घातला, तर पाणी दुपटीच्या आसपास वाढते. म्हणून टाकीतून उतरणारी मुख्य लाइन किमान एक इंची किंवा सव्वा इंची ठेवावी, मजल्याकडे जाणारे फाटे पाऊण इंची आणि केवळ शेवटचा नळापर्यंतचा तुकडा अर्धा इंची असावा. एल्बोची, म्हणजे काटकोनी वळणाच्या जोडांची, संख्याही कमी ठेवावी, विशेषतः जिथे उंचीच अपुरी आहे तिथे.

गंजलेल्या पाइपची लक्षणे ठरलेली आहेत. सकाळचे पहिले पाणी तांबूस येते, वरचेवर नळांच्या जाळ्या गंजाच्या कणांनी भरतात आणि दोन नळ एकाच वेळी उघडले की दुसऱ्याचे पाणी जवळजवळ बंद होते. अशा पाइपमध्ये ॲसिड ओतून तो मोकळा करून देतो म्हणणाऱ्याला घरात घेऊ नये. गंज निघाला तरी पाइप चाळणीसारखा होतो आणि गळती भिंतीच्या आत सुरू होते. तो बदलणे हाच उपाय आहे, आणि खर्च एकदम झेपत नसेल, तर आधी टाकीपासूनची उभी लाइन बदलावी, कारण सगळ्या घराचे पाणी तिच्यातूनच जाते. नवी लाइन भिंतीबाहेरून नेली, तर फरशी आणि टाइल वाचतात. उन्हात राहणाऱ्या प्लास्टिकच्या पाइपला मात्र रंगाचा हात द्यावा.

टाकीची उंची

मोजमापानंतर पाइप मोकळा ठरला आणि तरीही शॉवरला पाणी नाही, तर राहिले कारण उंचीचे. समजा, गच्चीवर फूटभर उंच कट्ट्यावर टाकी आहे. सर्वांत वरच्या मजल्यावर छत जमिनीपासून तीन मीटरवर आणि शॉवर दोन मीटरवर असेल, तर टाकीचा तळ आणि शॉवर यांत अंतर उरते सव्वा-दीड मीटर, म्हणजे दाब जेमतेम ०.१३ किलो. इतक्या दाबावर मोठ्या ताटलीचे शॉवर किंवा अनेक स्वयंचलित धुलाईयंत्रे नीट चालणारच नाहीत. त्याच घरातील तळमजल्यावर मात्र हाच दाब तिपटीहून अधिक असतो, आणि म्हणून खालच्या भाडेकरूची तक्रार नसते, वरच्या मालकाची असते.

टाकी दोन मीटर अधिक उंच स्टँडवर नेली, तर वरच्या मजल्याचा दाब अडीच पटींनी वाढतो आणि त्यासाठी विजेचे बिल येत नाही. मात्र हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन वजन. स्टँडचे पाय स्लॅबच्या मधोमध न टेकवता खांबांच्या किंवा तुळयांच्या वर येतील असेच बसवावेत, आणि जुन्या इमारतीत हे काम अभियंत्याला दाखवल्याशिवाय करू नये. कौलारू घरांत टाकी माळ्यावर ठेवलेली असते आणि नळापासून तिची उंची मीटर-दीड मीटरच असते. तिथे स्टँडचा प्रश्नच येत नाही. अशा घरात रुंद पाइप, कमीत कमी वळणे आणि साधी, मोठ्या छिद्राची तोटी एवढ्यावरच बराच फरक पडतो. दिसायला देखणे, पण आत अरुंद वाट असलेले एका दांडीचे मिक्सर नळ अशा घरांसाठी बनवलेलेच नसतात.

लाइनला मोटर जोडू नये

रस्त्यावरून येणाऱ्या जोडणीला थेट मोटर लावून पाणी ओढण्याची पद्धत गल्लोगल्ली दिसते. तिला माझा ठाम विरोध आहे. मोटर दाब निर्माण करत नाही, ती वाहिनीतील पाणी शेजाऱ्याच्या आधी ओढून घेते. मग शेजारीही मोटर लावतो आणि शेवटच्या घराला काहीच उरत नाही. याहून गंभीर गोष्ट अशी की मोटर ओढू लागली की त्या भागातील वाहिनीत दाब शून्याखाली जाऊ शकतो, आणि तसे झाले की जिथे जिथे सांधा सैल आहे किंवा पाइपला चीर आहे, तिथून भोवतालचे गटाराचे पाणी आत शोषले जाते. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या वाहिन्यांत हा धोका आधीच असतो. मोटर तो अनेक पटींनी वाढवते. २०१२ साली सीमेजवळच्याच इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ पसरली होती आणि त्यात माणसे मृत्युमुखी पडली. अशी मोटर नियमबाह्य तर आहेच, पण दंडाच्या भीतीपेक्षा घरातील गरोदर स्त्री आणि लहान मूल यांच्या आरोग्यासाठी ती काढून टाकावी. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या काविळीच्या हिपॅटायटिस-ई या प्रकारात गरोदर स्त्रियांना सर्वाधिक धोका असतो.

याला रीतसर पर्याय आहे. रस्त्याच्या वाहिनीतील पाणी स्वतःच्या दाबाने जमिनीखालच्या संपमध्ये पडू द्यावे आणि तिथून मोटरने ते गच्चीवर चढवावे. संप सखल असल्यामुळे कमी दाबाचे पाणीही त्यात उतरते. पाळी सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटे येणारे गढूळ पाणी झाडांना किंवा अंगणाला सोडावे आणि नंतरचेच साठवावे. संपचे झाकण जमिनीपेक्षा उंच आणि घट्ट असावे, आणि पाणी आत पडणाऱ्या नळीचे तोंड साठ्याच्या सर्वोच्च पातळीहून वर राहिले पाहिजे, म्हणजे उलटे पाणी वाहिनीत जाणार नाही. संप साफ करायला एकट्याने उतरू नये.

मोटर, बोअर आणि विहीर

संप भरलेला असूनही गच्चीवरची टाकी भरायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर आधी व्होल्टेज पाहावे. दोनशे तीस व्होल्टची मोटर एकशे ऐंशीवर चालवली, तर तिची फिरवण्याची ताकद सुमारे साठ टक्क्यांवर येते. हेस्कॉमची वीज असो की महावितरणची, संध्याकाळच्या वेळी लाइनच्या टोकाच्या गावांत असे घडते आणि मोटर जळण्याचे ते नेहमीचे कारण आहे. मोटर गुणगुणते, पण फिरत नाही, तेव्हा बहुधा कपॅसिटर गेलेला असतो. दर वेळी पाणी ओतून मोटर सुरू करावी लागत असेल, तर पाणी ओढणाऱ्या नळीच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह गळतो आहे, आणि पाण्यासोबत बुडबुडे येत असतील, तर ओढणाऱ्या बाजूच्या सांध्यातून हवा शिरते आहे. थ्री फेजच्या बोअरवर खांबावरील दुरुस्तीनंतर अचानक पाणी कमी झाले, तर फेजांचा क्रम बदलून मोटर उलटी फिरत असण्याची शक्यता आधी तपासून घ्यावी. इलेक्ट्रिशियन दोन तारांची अदलाबदल करून ते काही मिनिटांत सुधारतो. उन्हाळ्यात बोअर काही वेळ चांगले पाणी देऊन मग हवा ओकू लागला, तर मोटरचा दोष नाही, झरा आटत आहे. तिथे मोठी मोटर बसवणे म्हणजे बोअर अधिक लवकर कोरडा करणे; थांबून थांबून उपसणे हाच मार्ग.

बेळगावात घरोघरी जुन्या विहिरी आहेत आणि सार्वजनिक विहिरींचीही परंपरा आहे. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली काँग्रेस विहीर प्रसिद्ध आहे. विहिरीचे पाणी वापरात आणावे, फक्त ते आणि नळाचे पाणी एकाच पाइपमध्ये जोडू नये. मध्ये एकच उलटा-रोधक व्हॉल्व्ह बसवला आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही, कारण तो कधी ना कधी अडकतो आणि मग विहिरीचे पाणी गल्लीच्या वाहिनीत शिरते.

प्रेशर पंप घ्यायचाच असेल, तर तो गच्चीच्या टाकीनंतर आणि वरचे सारे उपाय करून झाल्यावर घ्यावा. गंजलेल्या पाइपवर तो बसवला, तर आज न गळणारे सांधे उद्या गळू लागतात. एका मजल्यासाठी एक किलोच्या आसपास दाब देणारा लहान पंप पुरतो, आणि टाकीत पाणी नसताना आपोआप बंद होणाराच निवडावा.

गळती आणि जास्तीचा दाब

घरातील सर्व नळ बंद करून मीटरवरील लहान चक्राकडे पाहावे. ते फिरत असेल, तर मीटरच्या पुढे कुठेतरी गळती आहे. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या घरांत पाळी सुरू होताना वाहिनीतील हवेनेही मीटर फिरतो, म्हणून ही परीक्षा पाणी स्थिर झाल्यावर करावी. टाकीखालच्या गळतीसाठी रात्री पातळीची खूण करून सकाळी ती ताडून पाहावी. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून पंधरा मिनिटे थांबावे. न ओढताच भांड्यात रंग उतरला, तर आतील रबर बदलावा.

चोवीस तास पाणी मिळू लागलेल्या घरांत तक्रार उलटी असू शकते. रात्री वापर कमी झाला की दाब वाढतो, नळ बंद करताच पाइप दणकतात आणि टाकीचा फ्लोट कॉक पाणी अडवू शकत नाही. गेजवर चार किलोच्या आसपास वाचन येत असेल, तर मीटरनंतर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवावा. जुनी लाइन नव्या जोडणीला तशीच जोडण्याआधी तिची एक रात्र दाबाखाली परीक्षा घेतली, तर भिंतीतील ओल टळते.

तक्रार कोणाकडे आणि कशी

मीटरपाशीच दाब कमी आहे, शेजारच्या दोन-तीन घरांत मात्र ठीक आहे, असे दिसले तर मुख्य वाहिनीवरील फेरूल (घराची जोडणी जिथे वाहिनीला मिळते तो जोड) किंवा मीटरआधीची जाळी तुंबलेली असते. ते काम घरच्या प्लंबरकडून करून घेऊ नये आणि मीटरचे सील स्वतः तोडू नये. संपूर्ण गल्लीचे पाणी कमी असेल, तर व्हॉल्व्ह किती फेरे उघडला जातो किंवा कुठे वाहिनी फुटली आहे हा प्रश्न आहे, आणि तिथे चार-पाच घरांनी एकत्र लिहिलेली तक्रार अधिक लवकर हलते. तक्रारीत ‘पाणी कमी येते’ एवढेच न लिहिता जोडणीचा क्रमांक, पाणी आलेली तारीख आणि वेळ, मीटरपाशी मिनिटाला किती लिटर आले आणि गेजवर किती दाब दिसला हे लिहावे; तीन पाळ्यांची अशी नोंद सोबत असली की अभियंत्यालाही दोष शोधणे सोपे जाते. अर्जाची पोच घ्यावी. बिल आणि छापील अर्ज कन्नडमध्ये असतात, तेव्हा ते वाचणाऱ्या शेजाऱ्याकडून रकाने समजून घ्यावेत. लाइनवरच्या कर्मचाऱ्याशी बोलताना ‘नीरिन ओत्तड कडिमे इदे’ म्हणजे पाण्याचा दाब कमी आहे, आणि ‘नीरु बरुत्तिल्ल’ म्हणजे पाणी येत नाही, एवढी दोन वाक्ये पुरतात.

गावांत जबाबदारी ग्रामपंचायतीची असते. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत पंचायतीच्या पीडीओकडे, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याकडे, तर शिनोळीपासून पुढे महाराष्ट्राच्या हद्दीत ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) लेखी तक्रार द्यावी. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागातील प्रत्येक माणसाला दररोज किमान ५५ लिटर पाणी नळाने मिळावे असे ठरले आहे. पाच जणांच्या घराला म्हणजे २७५ लिटर. सीमेच्या दोन्ही बाजूंना हे माप एकच आहे, म्हणून आपल्याला त्याहून कमी मिळते का हे बादलीने मोजून तक्रारीत लिहावे. गावात टोकाच्या घरांना पाणी न पोहोचण्याचे सर्वांत मोठे कारण मात्र वरच्या बाजूच्या तोटी नसलेल्या नळांत सापडते. भांडे भरून झाले तरी ते वाहतच राहतात आणि दाब धरूच शकत नाहीत. अशा प्रत्येक नळाला तोटी बसवून घेण्याचा ठराव ग्रामसभेत मांडावा, आणि तोटी पंचायतीने एकदम खरेदी करून त्याच आठवड्यात बसवाव्यात, म्हणजे पुढच्या पाळीला टोकाच्या घरी बादली लावून फरक मोजता येईल.